गुळगुळीत पाणी

धरणाच्या काठावर संध्याकाळी फोटो काढत होतो. नुसतं पाणी रिकामं वाटलं, म्हणून खडकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना म्हटलं, "काका, अर्धं मिनिट हलू नका." ते हलले नाहीत. मग मी जवळ जाऊन दाखवलेला फोटो कॅमेऱ्यात पाहून म्हणाले, "लाटा कुठं गेल्या?"

"शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की पाणी गुळगुळीत दिसतं."

"माझा लेक बुडाला त्या दिवशी असंच दिसत होतं. म्हणून तर तो उतरला."

चौकटीत एखादा माणूस असावा, एवढं मी शिकलो होतो. तो तिथं का बसलाय, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. ट्रायपॉड मिटून मी त्यांच्याशेजारी बसलो. अंधार पडला तरी ते उठेनात, आणि आधी उठायचा मला धीर होईना.