मागे पडणारा ट्रक

लेकीनं पाठवलेलं नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि आमचा कम्प्युटर पहिल्यापेक्षा हळू चालायला लागला. हे वाक्य मी वणीत ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि मग विचारलं, "पण तुमाले ग्राफिक्स कार्ड कायले लागते?" निवृत्त बाईला गुडघ्याचा पट्टा लागतो, हरिपाठ लागतो, फार तर आचारी न सापडल्यास लग्नाचे लाडू वळायला बोलावणं लागतं, यावर गावाचं एकमत आहे. मी शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून मी ट्रक चालवते.

कम्प्युटरवर चालवते. लेक नोकरीला बंगळुरूला गेली तेव्हा तिचा गेमिंग कम्प्युटर स्टिअरिंग-पेडलसकट इथंच ठेवून गेली, आणि जाण्याआधी मला हा खेळ शिकवून गेली. तिचा एक ट्रक, माझा एक. ती तिकडे लॅपटॉपवर, मी इकडे. दोघी एकाच रस्त्यानं जातो, बहुतेक ती पुढे आणि मी मागे. रस्ते परदेशातले. खड्डा शोधून सापडत नाही. माझ्या धाकट्या दिराला याचं फार हसू येतं. तो म्हणतो, "वहिनी, वणीत राहून ट्रक पाहाले कम्प्युटर लागते का? खिडकी उघडा ना." खिडकी उघडली की खाणींतल्या कोळशाचे ट्रक दिसतात हे खरं आहे, आणि बंद केली तरी त्यांची धूळ आत येतेच. पण त्या ट्रकमध्ये माझी लेक नसते.

फोनवर माझी लेक बोलत नाही. जेवलीस का, हो. बरी आहेस ना, हो. मग ठेवू, ठेव. व्हिडिओवर तर त्याहून वाईट, ती स्वतःचाच चेहरा पाहत बसते. ट्रक चालवताना मात्र माईकवर बोलते. दोघींची नजर रस्त्यावर, कुणी कुणाचं तोंड वाचत नाही, आणि पोहोचायला अजून वेळ असतो. आधी ऑफिसमधल्या चहाला नावं ठेवते, मग रूमवर राहणाऱ्या मुलीला, आणि एखादा घाट चढता चढता असं काही सांगते की माझा पाय ब्रेकवर जातो. लेकीबद्दल मला जे काही माहीत आहे ते सगळं ट्रकमध्ये कळलेलं आहे. एकच अट आहे. आरशात तिला माझा ट्रक दिसला पाहिजे. मी मागे पडले की ती थांबते, वाट पाहते आणि मग म्हणते, "राहू दे आई, उद्या बघू."

पडद्यावरचं चित्र काढणारं जुनं कार्ड दमलं होतं आणि मी हल्ली जरा मागे पडायला लागले होते. म्हणून तिनं नवं पाठवलं.

आमचे हे वीज खात्यातून निवृत्त झालेत. वायर असलेली कुठलीही वस्तू, मग तो मिक्सर असो की चंद्रावर गेलेलं यान, त्यांच्या अखत्यारीत येते. बाजारातल्या दुकानात जाऊन त्यांनी नवं कार्ड बसवून घेतलं, कम्प्युटरचा डबा ऑटोत मांडीवर घेऊन आणला, टेबलाखाली ठेवला आणि मागच्या सगळ्या वायरी स्वतःच्या हातानं जोडल्या. मला जवळ येऊ दिलं नाही. "हात नोको लावू, करंट असते."

त्या संध्याकाळी ट्रक सुरू केला आणि तो पावलापावलाला अडखळायला लागला. मी वळण घेतल्यावर तो विचार करून वळायचा. झाडं एकेक करून उगवायची. लेक विचारत होती, "आई, कुठे आहेस?" मी म्हणत होते, "आले, आले," आणि समोर दुभाजक यायचा. शेवटी खेळानं मला बाहेर काढलं. जुन्या कार्डावर निदान मी मागून का होईना यायचे, आता गावाबाहेरही पडता येईना.

मग चौकशी समिती बसली. अध्यक्ष अर्थातच हे. पहिला संशय व्होल्टेजवर. अडगळीतून जुन्या फ्रिजचा स्टॅबिलायझर निघाला, तो कम्प्युटरला लागला आणि दिवसभर खोलीत गुरगुरत राहिला. फरक शून्य. दुसरा संशय गर्मीवर. वणीच्या मे महिन्यात हा संशय कशावरही घेता येतो. यांनी कूलरचं तोंड माझ्याकडून काढून टेबलाखालच्या डब्याकडे केलं. मी घामानं भिजले आणि डबा गारव्यात बसला. चालला तसाच.

मग यवतमाळहून तोच धाकटा दीर आला. तो इंजिनियरिंग कॉलेजात शिकवतो. त्याच्या कॉलेजातून दरवर्षी इंजिनियर बाहेर पडतात आणि पुण्याला जाऊन पहिल्यापासून क्लास लावतात. त्यानं लांबूनच पडद्याकडे पाहिलं आणि निदान केलं, "वहिनी, बॉटलनेक आहे." म्हणजे काय ते मी विचारलं. आमरसाच्या तीन वाट्या संपेपर्यंत तो समजावत होता. त्यातून मला एवढंच कळलं की दोष कुणाचाच नसतो आणि इलाज नवा कम्प्युटर घेणं हा असतो. खाली वाकून डब्याकडे त्यानं पाहिलं नाही, कारण पोट आड येत होतं. जाताना वायफायचा पासवर्ड घेऊन गेला.

दुकानदाराकडे एकच औषध होतं. "फॉरमॅट मारू, मॅडम." पूर्वी कुठल्याही दुखण्यावर कंपाउंडर पांढऱ्या गोळ्या द्यायचा, तशी आता कम्प्युटरला फॉरमॅट मारतात. डबा पुन्हा ऑटोत, यांच्या मांडीवर, मी शेजारी. दुकानात त्यानं फॉरमॅट मारला, आपल्या वायरी लावल्या, खेळ पुन्हा टाकून सुरू केला, आणि माझा ट्रक असा पळाला की दुकानातली दोन गिऱ्हाईकं पाहायला जमली. मला रडू यायचं बाकी होतं. दुकानदार म्हणाला, "आमच्या इथं तं मस्त पळून राह्यला. तुमच्या घरातच काईतरी हाय."

घरी आणला, यांनी वायरी जोडल्या, ट्रक पुन्हा लंगडा.

त्यानंतर सगळा संशय घरावर आला. अर्थिंग तपासून झालं. कोळशाच्या धुळीला दोन दिवस शिव्या देऊन झाल्या. शेजारणीनं सांगितलं की डबा दक्षिणेला आहे, म्हणून. आम्ही टेबल उचलून ईशान्येला नेलं, तर तिथं देवघराची समई आड येत होती. हे म्हणाले, देव सरकणार नाही. टेबल परत आलं. एवढ्या उचलाउचलीत यांची पाठ धरली आणि समितीचं काम काही दिवस तहकूब झालं. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं सगळं चाललं होतं.

इकडे लेकीचं बोलणं आटत चाललं होतं. रोज येईनाशी झाली. आली तरी, आई तू आज नको त्रास घेऊस, म्हणायची. एका संध्याकाळी मी कशीबशी तिच्या मागे लागून एका पुलापर्यंत पोहोचले होते. ती म्हणाली, "आई, तुला एक सांगायचं होतं." आणि माझा पडदा जागच्या जागी थिजला. मी बटणं दाबली, डब्याला चापटी मारली, बंद करून पुन्हा सुरू केला. तोवर ती निघून गेली होती. लगेच फोन लावला. "काही नाही गं. असंच." मी दहा प्रकारे विचारलं, तिनं दहा वेळा असंच सांगितलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. कार्ड, व्होल्टेज, फॉरमॅट सगळं चुलीत जाऊ दे असं वाटलं. पोरीच्या तोंडाशी आलेली गोष्ट एका लोखंडी डब्यानं परत पाठवली होती.

वणीत दर आठवड्याला घरातली प्रत्येक वस्तू पुसावी लागते, नाहीतर ती कोणत्या रंगाची घेतली होती हे विसरायला होतं. शनिवारी यांची पाठ दुखत असल्यामुळे टेबलाखाली मी शिरले. डबा ओढला, फिरवला आणि ओलं फडकं मागच्या बाजूला फिरवायला लागले. खाली नव्या कार्डाची वायर खोचायची तोंडं होती. प्रत्येक तोंडावर काळं रबरी टोपण. कारखान्यातून आलं तसं, घट्ट. पडद्याची वायर वरच्या बाजूला, कम्प्युटरच्या स्वतःच्या जुन्या तोंडात खोचलेली.

मी यांना हाक मारली. हे कंबरेवर हात ठेवून आले.

"हे काय आहे?"

"टोपणं हायत. त्या दुकानवाल्यानं काढून फेकून देल्ली होती, मी मांगून आणली. दोन्ही वेळेस."

"आणि वायर वर का?"

"मंग नव्याले कायले घासायचं? रोज काढघाल करून तोंड ढिल्लं होते. वरचं रिकामंच होतं, चित्र तं दिसते ना त्यातून. पाहुणे-गिहुणे आले, दाखवाचं असलं, का लावू नव्याले."

हे त्यांनी लाजून नव्हे, अभिमानानं सांगितलं. आमच्या घरात नवी वस्तू आली की ती त्याच दिवशी निवृत्त होते. काचेचा डिनर सेट पाहुण्यांची वाट पाहत कपाटात आहे आणि पाहुण्यांना आम्ही स्टीलच्या ताटात वाढतो, कारण तेही घरचेच. रिमोट पिशवीत आहे. सोफ्याचं प्लास्टिक निघालं नाही, उन्हाळ्यात त्यावरून उठताना मांडी सोलते. लेकीनं पहिल्या पगारातून यांना घेतलेला शर्ट टाचण्यांसकट डब्यात आहे. तो घालण्याच्या लायकीचं लग्न अजून वणीत झालेलं नाही. आम्ही एकटेच असे नाही, आमची सगळी आळी अशीच आहे. पण बाकीच्यांनी निदान डिनर सेटवर भागवलं.

पडद्याची वायर नव्या कार्डात नसेल, तर ते कार्ड नुसतं आत बसून असतं. सगळं ओझं कम्प्युटरच्या आपल्या दुबळ्या अंगावर, म्हणजे जुन्या कार्डापेक्षाही वाईट. दुकानात तो पळायचा, कारण दुकानदार वायर नव्यात लावायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तोही असा, की काखही यांची आणि शोधायला निघालेलेही हेच. मला इतका राग आला होता की मी यांना यांच्या खात्यासकट बोलले. स्टॅबिलायझर काढला, कूलर काढला, दिराचा आमरस काढला. "तिला काही सांगायचं होतं, आणि तुम्ही इथं टोपणं लावत बसलात!"

"मी जपून राह्यलो, तं माहंच चुकलं?" ते दुखावले होते. मी टोपणं उपटून केराच्या टोपलीत टाकली. त्यांनी ती वेचून घेतली, धोतराच्या जुन्या तुकड्यानं पुसली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. मी वायर नव्या कार्डात खोचली.

लेकीला निरोप टाकला, आज ये, नक्की ये. एरवी त्या वेळेला हे चौकात जाऊन बसतात. त्या दिवशी गेले नाहीत. नवं कार्ड कितपत तापतं यावर लक्ष ठेवायला खुर्ची घेऊन माझ्या मागं बसले.

ट्रक लोण्यातून सुरी जावी तसा निघाला. झाडांना सावल्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. मी तिला गाठलं, बाजूच्या पट्टीत आले आणि भोंगा वाजवला. स्पीकरमधून ती हसली. खूप दिवसांनी. मग बराच वेळ आम्ही दोघी नुसत्या चालवत राहिलो. मी काही विचारलं नाही.

"आई," ती म्हणाली, "मी नोकरी सोडली. महिना होत आला."

मी स्टिअरिंग सरळ ठेवलं.

"ऑफिसला निघाले म्हणून सांगायचे ना, ते खोटं होतं. मी रूमवरच असते. ऑफिसात रोज कुणाचं तरी ओरडणं ऐकायचं आणि बाथरूममध्ये जाऊन रडायचं, मला नाही जमलं गं. बाबांना नको सांगूस. ते सगळ्या वणीला सांगत असतात माझ्या कंपनीचं."

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हे पुढे आले, दुखऱ्या पाठीनं वाकले आणि माईक नेमका कुठं असतो हे माहीत नसल्यामुळे पडद्याशीच बोलले.

"घरी ये, बेटा. नोकरी गेली तं गेली. ये तू घरी."

तिचा ट्रक हळू झाला, रस्त्याच्या कडेला गेला आणि थांबला. मीही माझा तिच्या मागं नेऊन थांबवला. पडद्यावर काहीच हलत नव्हतं. हे माझ्या कानाशी येऊन घाबरून म्हणाले, "अटकला वाटते पुन्हा. मी हात नाई लावला हो."

"कम्प्युटर चालू हाय," मी म्हटलं. "पोरगी रडून राह्यली."