४०३चा नकार आणि ५०३चा नकार

महाडच्या स्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. शाळेत मास्तरांच्या नकला करून मार खाल्ला, आता साइटच्या नकला करून पोट भरतो. साइट अडली की तीन आकडे टाकून गप्प बसते आणि गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघतं. मग मी त्या आकड्याला आवाज देतो. ४०४ आला की मी मान वर न करणारा शिपाई. “ह्या नावाचं इथं काय नाय.” ५०० आला की गोंधळलेला साहेब. “आमचंच कायतरी बिघडलंय, पण काय ते इचारू नका.”

एका दुपारी तुडीलचे एक चाचा मुलीला घेऊन आले. नर्सिंगच्या प्रवेशाच्या फॉर्मचा शेवटचा दिवस, मुदत पाचपर्यंत.

“भरायचा काय? कॉलेजवाल्यांनी हिला नाय म्हणून सांगितलंय,” चाचा बसता बसता म्हणाले. “ही ऐकत नाय म्हणून आलो.”

त्यांच्या घरची रीत अशी, की घरातलं सगळं ऑनलाइन काम कुवेतमधला मुलगा करतो. तुडीलचा गॅस सिलिंडरसुद्धा कुवेतहून बुक होतो. त्यानेच तिथून साइट उघडली, तर ४०३, फॉरबिडन. त्याने फोटो पाठवला, खाली लिहिलं, “मनाई आहे.” झालं! घरच्यांच्या लेखी पोरगी नापास. चाचांचं तोंड पडलं होतं खरं, पण अगदी पुरतं नाही. कॉलेज अलिबागला, तिथल्या हॉस्टेलची काळजी मिटली होती ना. “हितंच कॉमर्सला घालतो,” म्हणाले.

मी साइट उघडली. ५०३.

“बघा! हितं पण नाय.”

“चाचा, ही दोन नाय येगळी हायत.” मी उभा राहिलो, पोट पुढे काढलं, वॉचमन झालो. “४०३! साइट चालू हाय, पण तुला आत सोडणार नाय. परदेशातनं आलास ना? चल, फूट!” मग रेशनवाला झालो. “५०३! माल हाय, दुकान पण हाय, पण गर्दी बघा की. जरा दमानं या.”

चाचा हसले आणि म्हणाले, “म्हंजे दोघं पण नायच म्हणतायत. दोनदा नाय म्हंजे पक्कं नाय.”

तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल. “मला साफ लिहून आलंय, भाय!”

“तुला आलंय रे! तू परदेशातनं उघडलीस म्हणून तुला. तुझ्या बहिणीला कोण काय बोललंय?”

मागे चार गिऱ्हाइकं जमली होती. माणसं हसायला लागली की मला आवरत नाही. मी ५०२ पण काढला, आतल्या साहेबाचा निरोप उलटासुलटा सांगणारा मधला क्लार्क.

“दादा,” मुलगी पहिल्यांदा बोलली, “साडेचार वाजले. तुमचं झालं असंल तर रिफ्रेश मारा.”

तिनेच कीबोर्ड पुढे ओढला. ५०३. मिनिटभर थांबली. ५०३. पुन्हा थांबली. चौथ्यांदा फॉर्म उघडला आणि मी मुकाट्याने तिच्या मार्कशीट स्कॅन करायला घेतल्या.

मोबाइल नंबरचा रकाना आला.

“तुझ्या भायचा टाक,” चाचा तिला म्हणाले. “तो बघतो सगळं.”

“अब्बा, त्याला तिकडनं दार उघडत नाय. मेसेज येऊन तो काय करंल?” तिने स्वतःचा नंबर टाकला आणि बटण दाबलं.

हिरवी खूण आली. आत कुठेतरी २०० आला असणार, म्हणजे ‘काम झालं’चा आकडा, पण तो पडद्यावर तोंड दाखवत नाही. सगळं नीट झालं की साइटला बोलायला काही उरत नाही, आणि मलाही. पाचला अकरा कमी होते.

“लिस्ट लागायची हाय अजून, चाचा,” मी आपलं सांगून ठेवलं.

चाचांनी प्रिंट दोनदा वाचली, घडी करून खिशात घातली आणि रस्त्यापलीकडच्या स्टँडकडे बघत विचारलं, “अलिबागला सकाळची डायरेक्ट गाडी कितीला हाय रे?”