निरोप पोहोचला

आमच्या ऑफिसात तिला सगळे वैद्यबाई म्हणतात. शिक्षण कॉम्प्युटरचं, पण ॲप आजारी पडलं की ही आधी नाडी बघणार. कधीपासून दुखतंय? त्याआधी काय बदललं? एकाच फोनवर की सगळ्या? उत्तरं मिळेपर्यंत कुणाला कीबोर्डला हात लावू देणार नाही. एका वेळी एकच औषध, हे तिचं पालुपद. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही म्हणे. मी तिच्या शेजारच्या टेबलावर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्याचं काम मोडून दाखवायचा पगार घेते. त्यामुळे आमचं जमतं. बाकी कुणाला आम्ही दोघी फारशा आवडत नाही.

आमचं ॲप एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी आहे. त्यात एकच मोठं बटण, ‘मदत हवी’. ते दाबलं की निरोप सर्व्हरकडे जातो, तिथून खालच्या मजल्यावरच्या मदतकक्षात, आणि तिथली माणसं शेजाऱ्याला नाहीतर ॲम्ब्युलन्सला त्या घरी धाडतात. वैद्यबाईचे वडीलही तेच वापरायचे. आई गेल्यापासून ते एकटे. लेकीने आमच्याकडे राहायला या म्हटलं की म्हणायचे, मला काय धाड भरलीय? सुरुवातीला ते बटण पुन्हा पुन्हा दाबत, कारण निरोप गेला की नाही ते कळत नाही. म्हणून लेकीने एक सोय केली. बटणाला बोट लागलं की लगेच हिरवी खूण आणि ‘निरोप पोहोचला’ ही अक्षरं. नेट सावकाश असलं तरी माणसाचा जीव टांगणीला नको. साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती.

त्या दिवशी सकाळी मदतकक्षातली माणसं खुशीत सांगत आली की आज एकही हाक नाही. आदल्या दिवशीच ॲपची नवी आवृत्ती सगळ्यांच्या फोनवर गेली होती, सर्व्हरच्या पडद्यावर सगळे दिवे हिरवे, त्यामुळे साहेबही मजेत. वैद्यबाईने चहाचा कप तसाच ठेवला.

“चुकून दाबणारे कुठे गेले?” ती म्हणाली.

कुणाला काही कळेना. पण रोज पाचसहा आजीआजोबा चष्मा शोधताना, नाहीतर फोन पुसताना ते बटण दाबून बसतात आणि मग मदतकक्षाला सॉरी हं म्हणतात. म्हातारी माणसं एका रात्रीत सुधारत नसतात.

तिने मला नव्या आवृत्तीच्या फोनवर बटण दाबायला लावलं. हिरवी खूण, ‘निरोप पोहोचला’. खाली विचारलं, तर काहीही आलेलं नाही. मग जुनी आवृत्ती असलेल्या फोनवर दाबलं, तर खाली लगेच घंटी. वरून कीर्तन, आतून तमाशा! म्हणजे कुठेतरी कुणीतरी बटण दाबून, ती खूण बघून, आमची वाट पाहत पडलेलं असणार. निरोप अडकले होते ज्याच्या त्याच्या फोनमध्ये, त्यामुळे कुणी दाबलंय हेही आम्हाला दिसेना. मदतकक्षाने एकेका घरी फोन लावायला सुरुवात केली, पण घरं हजारो.

तिने वडिलांना फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आंघोळीला गेले असतील, मी म्हटलं, पण ते मलाच खरं वाटेना. तिने नवऱ्याला तिकडे जायला सांगितलं. तो म्हणाला, निघालोच. या माणसाचं ‘निघालोच’ म्हणजे अजून पायात मोजेही नसतात. त्यातून त्याचं ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी तिला म्हटलं, तूच जा, इथलं आम्ही बघतो.

“मी गेले तर एकच घर उघडेल,” ती म्हणाली. “बाकीच्यांचं काय?”

साहेबांची तर पाचावर धारण बसली होती. सर्व्हर बंद करून चालू करा, नवी आवृत्ती मागे घ्या, मशीन वाढवा, सगळं एका दमात. एका वेळी एकच, ती म्हणाली. आवाज चढला नाही.

फोन निरोप पाठवतोय का? पाठवतोय. सर्व्हर घेतोय का? नाही, दारातूनच परत. का? तर प्रत्येक फोनला आत शिरायला एक पास लागतो आणि तो रोज नवा करून घ्यावा लागतो. नव्या आवृत्तीतले फोन पास मागायला भलत्याच पत्त्यावर जात होते, आमच्या सरावाच्या सर्व्हरवर. साहेबांनी लावलेल्या घाईत पत्ता बदलायचाच राहिला होता. माझ्या तपासणीत तो सापडणार कसा? आम्ही तपासतो ते सरावाच्याच सर्व्हरवर, तिथे तोच पत्ता बरोबर. जुने पास चालले तोवर सगळं आलबेल होतं, सकाळी ते संपले.

दुरुस्त आवृत्ती पाठवावी तर ती म्हाताऱ्यांच्या फोनवर कधी उतरणार, देव जाणे. वैद्यबाईने ॲपला हातच लावला नाही. सरावाच्या पत्त्यावर येणारा प्रत्येक फोन तिने खऱ्या सर्व्हरकडे वळवला, घर चुकलेल्या पाहुण्याला शेजाऱ्याने बरोबर दाराशी आणून सोडावं तसा. मग आम्ही नुसतं बघत बसलो.

खाली एक घंटी वाजली, आणि मग थांबेचना. अडकलेले निरोप धडाधड यायला लागले. ती पडद्यावर एकेक नाव वाचत होती. वडिलांचं नाव आलं, सकाळी उठल्या उठल्या दाबलेलं.

“एकदाच दाबलंय,” ती म्हणाली, आणि पर्स न घेताच पळाली.

ते बाथरूममध्ये घसरले होते. खुब्याचं हाड मोडलेलं. बटण दाबल्यावर फोन हातातून निसटून दाराशी गेला. वाजताना ऐकू यायचा, हात पुरत नव्हता. जावयाने आणि शेजारणीने मिळून दार फोडलं. त्या दिवशी मात्र तो खरंच लगेच निघाला होता, तेवढं श्रेय त्याच्या पदरात घालते.

संध्याकाळी मी हॉस्पिटलात गेले. ते शुद्धीवर होते, लेकीचा हात धरून तिलाच धीर देत होते.

“शेजारीण जिन्यावरून जात-येत होती. हाक मारली असती तर ऐकली असती,” ते म्हणाले. “पण म्हटलं, पोहोचलाय ना निरोप, मग कशाला आरडाओरडा? तू लिहिलेलं, म्हणजे पोहोचलाच असणार.”

टोमणा नव्हता हो, कौतुकाने सांगत होते. ती भिंतीकडे तोंड करून रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

आता बटण दाबलं की पडद्यावर येतं, ‘अजून पोहोचला नाही. हाकही मारा.’ मदतकक्षातल्या माणसाने निरोप स्वतः उचलेपर्यंत ती अक्षरं हलत नाहीत. लोक घाबरतील, साहेब म्हणाले. घाबरू देत, ती म्हणाली.

वडील आता काठी घेऊन चालतात. ॲप त्यांनी सोडलेलं नाही, लेकीकडे राहायलाही गेलेले नाहीत. परवा चष्मा शोधताना त्यांच्याकडून चुकून बटण दाबलं गेलं. पडद्यावर लिहिलं होतं म्हणून त्यांनी हाकही मारली. शेजारीण अनवाणी धावत आली, तेव्हा तिला म्हणाले, सॉरी हं.