थोरले साडू आणि गंजलेला नट

पोलादपूरच्या माझ्या थोरल्या साडूंपेक्षा सावकाश माणूस देवाने घडवला असेलच, तर तो अजून घराबाहेर पडलेला नाही. हायस्कुलात चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले, पण आपल्या वीस वर्षांच्या गाडीला त्यांनी कधी गॅरेजचं तोंड दाखवलं नाही. तिथल्या पावसाने गाडीच्या पोटाखाली एक नट धड ठेवलेला नव्हता, आणि ब्रेकच्या नळीचा गंजलेला नट सोडवणं हा तर साडूंचा खास प्रांत. तारेच्या ब्रशने घासायचा, सकाळ-संध्याकाळ तेलाचे थेंब सोडायचे, हातोडीने हलक्या टिचक्या मारायच्या आणि पाना लावला की आधी तो नट जरासा आवळायचा, मगच सैल करायचा. "जोर केलास तर नळीच पिळून निघंल. त्याला सुटावंसं वाटलं पायजे," असं ते मला गाडीखालून समजावत. बरणीचं घट्ट झाकण असो की बायकोचा राग, सगळ्यांवर हाच इलाज. एकदा अक्कांनी, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीने, अबोला धरला तर हे आधी त्यांच्याहून जास्त रुसून बसले. तिसऱ्या दिवशी अक्काच हसल्या.

मग अक्कांची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी महाड. पुढच्या सीटवर मागे रेलून, पाय लांब करून बसलं तरच त्यांना प्रवास सोसायचा. अशात गेल्या श्रावणात ब्रेकची नळी गळायला लागली. गुरुवारी महाडला जायचं होतं. मी बुधवारी पोचलो तेव्हा साडू तीन दिवस त्या नटाची मनधरणी करत होते. "संध्याकाळपर्यंत सुटतोय. हात नको लावू," म्हणाले आणि जेवायला उठले. मला कुठला दम! मी पकड लावली आणि अंगातला सगळा जोर दिला. नटाचे कोपरे गोल झाले, नळी पिळवटून तुटली.

ऐन वेळी दुसरी गाडी मिळाली नाही. गुरुवारी अक्का रिक्षातून गेल्या. प्रत्येक खड्ड्याला त्या माझं मनगट धरत होत्या, येताना दोनदा ओकल्या. साडू मला एका शब्दाने बोलले नाहीत. गाडी चालू झाली ती पुढच्या सोमवारी, आणि अक्का दसऱ्याआधीच गेल्या. रिक्षाचा त्याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही.

परवा त्यांच्याकडे गेलो आणि धीर करून म्हणालो, "दादा, त्या दिवशी मी..."

ते चहा गाळत होते. मान वर न करता म्हणाले, "तू नाय रे. तुझ्या आधी सकाळी मीच पकड लावली व्हती. तिला न्यायची घाई झाली मला. कोपरे मीच घालवले."

मी हात लावण्याआधी तो नट नीट पाहिला होता. सहाही कोपरे शाबूत होते. मी नुसता "हो का?" म्हणालो, आणि त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला.