चषकावरची मोकळी ओळ

भांडी बाजारात एका दुकानाच्या पायरीवर तो बसायचा. लग्नातल्या भांड्यांवर नावं घालायचं त्याचं काम. राष्ट्रीय हँडबॉल स्पर्धेचा फिरता चषक विजेत्यांकडे धाडण्याआधी त्यावर नाव घालून घेणं माझ्याकडे होतं, म्हणून नव्वदच्या दशकात दर वर्षी मी त्याच्यापुढे जाऊन उभा राही.

तो चषक दोन्ही तळपायांत घट्ट धरायचा, जुन्या नावांवरून अंगठा फिरवायचा आणि मगच छिन्नी उचलायचा. एकेक अक्षर झालं की फुंकर. हँडबॉल त्यानं जन्मात पाहिला नव्हता. पण कुठल्या साली कोण जिंकलं हे मी विसरलो, तर तो न बघता सांगे.

एका वर्षी स्पर्धाच झाली नाही. चषक नुसता उजळायला म्हणून त्याच्याकडे ठेवला. संध्याकाळी बघतो तर त्यानं नेहमीच्या जागी साल कोरलेलं, पुढे काहीच नाही.

मी भडकलो. "अहो, खेळ झालाच नाही, मग साल कशाला घातलं?"

त्यानं त्या आकड्यांवर फुंकर मारली. "खेळ नाय झाला साहेब, पण वर्ष तर गेलं ना? माझी बायको गेली यंदा. कुठंतरी लिहिलेलं असू द्या."

मी चषक उचलला. पुढच्या वर्षी पायरी रिकामी होती.

आता खेळाडू त्या ओळीवर बोट ठेवून विचारतात, "सर, या वर्षी कोण जिंकलं होतं?" बाकी सगळी नावं मला पाठ आहेत. त्याचं नाव मात्र मी कधी विचारलंच नव्हतं.