आईच्या खांद्यातली प्लेट

१९८६ साली, नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात, आई अंधेरीच्या मासळीबाजारात ओल्या पायरीवरून घसरली आणि तिच्या डाव्या खांद्याचे कॉलरबोन मोडले. हाडाचे टोक आतून कातडीला टोचत होते, म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून स्क्रूने प्लेट बसवली.

आम्ही खारदांड्याचे कोळी. बाजारातली बसायची जागा आईला सासूकडून मिळालेली. हंगाम नुकताच लागला होता, आणि जागा रिकामी दिसली की दुसरी कोणी तिथे मासळीची पाटी मांडते. तिथे तूर्त काकी, म्हणजे आईची जाऊ, बसू लागली.

"लोखंडी झालीस गं," काकी म्हणाली. "पावसात फिरू नको, गंज धरंल."

"तुझ्या जिभेला धरू दे आधी."

हात झोळीत ठेवायचा आणि वजन उचलायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. महिना व्हायच्या आत आई बाजारात निघाली. काकीने आणि शेजारणीने पाटी तिच्या डोक्यावर चढवली. मी डॉक्टरांची आठवण करून दिली.

"भार डोक्यावर हाय," ती म्हणाली. "खांद्याला काय त्याचं?"

स्टेशनबाहेर रस्ता ओलांडताना पाटी कलली. आईने झोळीतला हात काढून ती सावरली. संध्याकाळपर्यंत खांदा सुजला. एक्स-रेमध्ये दोन स्क्रू सुटलेले आणि प्लेट उचललेली दिसली.

"मावशी, डोक्यावर ओझं घेतलं की मानेचे स्नायू हे हाड ओढतात," डॉक्टर म्हणाले.

"हे आधी सांगायचंत."

"तुम्ही इतक्यात पाटी घ्याल असं वाटलं नाही."

"मग काय पर्स घेऊन जानार होते?"

दुसऱ्या शस्त्रक्रियेत कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मोडलेल्या जागी भरला आणि लांब प्लेट बसवली. या वेळी हात जास्त दिवस झोळीत राहिला. खांदा आखडला. आई रोज भिंतीसमोर उभी राहून बोटे वर वर सरकवायची. खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत ती कधी पोचली नाहीत. डॉक्टरांनी होळीच्या सुमारास हाड जुळल्याचे सांगितले. हात याहून वर जाणार नाही, असेही सांगितले.

पुढच्या हंगामात दोघी एकत्र बाजारात गेल्या. पाटी काकीच्या डोक्यावर होती. जागेवर आई बसली.