इंजिनाखालचा विस्तव

एक अख्खा हिवाळा मी माझ्या बायकोला आणि वर्षभराच्या पोरीला रोज सकाळी मरायला बसवत होतो. मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण बसवत मीच होतो, आणि वरून ओरडतही मीच होतो.

ऐंशीनंतरची वर्षं. सिंदेवाहीत माझ्याकडे एक जुना, पेट्रोलवर चालणारा पिकअप होता. त्यात कांदे-बटाटे भरून मी गडचिरोलीकडचे आठवडी बाजार करायचो. डिसेंबर लागला आणि गाडीचं डोकं फिरलं. सकाळी सुरू केली की फाड फाड फटाके! बॉनेट उघडं असलं तर कार्बोरेटरातून वीतभर जाळ बाहेर यायचा. माल भरून निघालो की पहिला कोसभर बैलगाड्यासुद्धा मागे टाकून जायच्या. मग इंजिन तापलं की बाई एकदम शहाणी. तीन मिस्त्र्यांना दाखवली. कोणी प्लग बदलले, कोणी पॉइंट घासले. पण त्यांच्या दारात पोचेपर्यंत गाडी गरम झालेली असायची, मग दुखणं दिसणार कसं?

आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत डिझेलच्या ट्रकखाली विस्तव ठेवून ड्रायव्हर लोक इंजिन शेकायचे. म्हटलं, आपणही शेकू. बायको सकाळी चूल पेटवायची, निखारे घमेल्यात भरून इंजिनाखाली सरकवायची आणि चाकाला टेकून सुपानं वारा घालत बसायची. पोरगी मांडीवर, तीही शेकत. त्यानं गाडी जरा लवकर ताळ्यावर यायची, म्हणून माझी खात्रीच पटली. ज्या दिवशी फटाके जास्त वाजायचे त्या दिवशी मी खेकसायचो, "काऊन वं, निखारे कमी टाकले ना आज?" ती दुसऱ्या दिवशी घमेलं जास्त भरायची. महिनाभरात दुखणं वाढलं, तर मी विस्तव वाढवायला लावला. अक्कल पाहा माझी!

शेवटी बल्लारपूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं गाडीला हातच लावला नाही. म्हणाला, "मले थंडी गाडी पाहाची हाये. आज इथीच झोप."

सकाळी तो यायच्या आत मी सवयीनं शेजारच्या चहावाल्याकडून निखारे मागून आणले आणि नेहमीच्या जागी घमेलं सरकवलं. मिस्त्री आला, खाली वाकला, आणि असा काही ओरडला की चहावाला धावत बाहेर आला. एका लाथेत त्यानं घमेलं रस्त्यावर उडवलं. मी त्याच्या अंगावर धावूनच गेलो.

"येडा झाला का बे? मराचं हाये का तुले?" मिस्त्री गरजला.

निखाऱ्यांवर पाणी मारून झाल्यावर त्यानं गाडी सुरू करायला लावली. फाड! मग एक ओली चिंधी घेतली आणि इंजिनात हवा जाते त्या नळाला जोडलेल्या रबरी नळीवर गुंडाळून दाबली. फटाके बंद! चिंधी काढली, पुन्हा फाड. नळीच्या खालच्या अंगाला चिराच चिरा होत्या. थंडीत त्या उघड्या राहायच्या, फाजील हवा आत जायची, म्हणून फटाके आणि म्हणूनच गाडीत जोर नाही. तापल्यावर रबर फुगून त्या मिटायच्या.

"पयले एखादी बारीक चीर असन," तो म्हणाला. "बाकीच्या तू पाडल्या. रोज खालून भाजून भाजून."

म्हणजे मी औषध म्हणून जे देत होतो त्यानंच रोग वाढत होता. मला हसू आलं. तो हसला नाही. माझं बोट धरून त्यानं शेजारच्या दुसऱ्या नळीवर फिरवलं. बोट ओलं झालं. नाकाशी नेलं तर पेट्रोल! ही नळीही तशीच भाजलेली. वास मला रोजच यायचा. पेट्रोलची गाडी आहे, वास येणारच, असं मी धरून चाललो होतो.

"वरून जाळ, खालून विस्तव, आन् मधात हे," तो म्हणाला. "रोज कोन ठेवते घमेलं? तूच?"

मला ते सूप दिसत होतं, आणि मांडीवर हात शेकणारी पोरगी दिसत होती.

"बायको," मी कसंबसं म्हटलं.

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाना उचलून कामाला लागला.

दोन्ही नळ्या बदलून संध्याकाळी घरी आलो. तिला सगळं सांगायचं होतं. जेवलो, पोरीला जवळ घेऊन बसलो, पण जीभ रेटेना. इतके दिवस तिच्यावर गुरगुरलेला मी, सुरुवात कुठून करू? सकाळी सांगू म्हटलं आणि झोपलो.

जाग आली ती सुपाच्या आवाजानं. मी तसाच अंगणात धावलो आणि जीव खाऊन ओरडलो, "ऊठ तिथून! ऊठ म्हणतो ना!"

ती दचकून उभी राहिली. पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि एक पाऊल मागे सरली.

"रागवू नोका जी," ती म्हणाली. "आज काठोकाठ भरलं मी."